कोणत्या पाण्याची मासोळी? अर्जुनी मोरगावच्या वाटेवरची बिनपाटीची खानावळ

गोंदिया जिल्ह्यात नवेगाव बांधहून अर्जुनी मोरगावकडे जाताना लागणाऱ्या या खानावळीला पाटी नाही, नाव नाही, मोबाइलच्या नकाशावरही ती सापडत नाही. तरी मासोळी आवडणाऱ्या माणसानं नागपूरहून वाकडी वाट करून यावं अशी ही जागा आहे, आणि त्याचं कारण एकच. इथे ताट मांडण्याआधी आजची मासोळी कोणत्या पाण्यातली आहे ते सांगतात, आणि जे सांगतात ते खरं असतं.

खरं असतं, हे मी जबाबदारीनं लिहितो. माझी अख्खी नोकरी या भागातल्या पाटांवर आणि कालव्याच्या दारांवर गेली. कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. कोणत्या तळ्यात किती दिवस पाणी टिकतं, कोणता नाला कुठे गाढवी नदीला मिळतो, हे मला तोंडपाठ आहे. या बाबतीत मला कोणी काहीही सांगून जेवायला घालू शकत नाही.

चालवणारं जोडपं ढिवर या मच्छीमार समाजाचं. नवरा मच्छीमार सोसायटीचा सभासद, पहाटे जाळं टाकतो. बायको रांधते. सासू पाट्यावर मसाला वाटते आणि अधूनमधून दोघांनाही सूचना देते. मी पडवीत पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला.

"कोन्या पान्याची हाये आज, वयनी?"

"मरळ तलावातली हाये जी काकाजी. वाम गाढवीची, धरणाच्या खालची. रोहू बी हाये, पन तुमी रोहू कायले खाता?"

बाहेरून येणाऱ्यांना हा प्रश्न विचारायचं सुचत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. हे समजलं नाही तर इथे येऊन तुम्ही रोहू मागाल, तो खाऊन जाल, आणि भंडाऱ्याच्या कोणत्याही ढाब्यावर मिळतो त्यापेक्षा त्यात वेगळं काय होतं ते कळणार नाही.

हा सगळा मुलूख वैनगंगेचा. ती मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून आपल्याकडे उतरते, आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली अशी वळणं घेत वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. बाघ, बावनथडी, चुलबंद, कन्हान, गाढवी या तिच्याच लेकी. आपण जिथे जेवतो तो भाग गाढवीचा. गोठणगावजवळ या गाढवीला अडवून इटियाडोह धरण बांधलं. त्याचं पाणी अर्जुनी मोरगावपासून खाली वडसा-आरमोरीच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे धानाच्या वाफ्यांपर्यंत, जातं. धरणाखालची गाढवी पुढे गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेला मिळते.

पण हा भाग नुसता नदीचा नाही. नदीच्या आधी इथे तळी आहेत. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली मिळून साडेसहा हजारांच्या वर माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले, तलाव. आमच्या खात्याच्या कागदावर त्यांचं नाव 'मामा तलाव'. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळात जंगल तोडून जो तळं बांधेल, त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन खंडमाफीनं, म्हणजे सारा न देता, मिळायची. कोहळी समाजानं हे काम अंगावर घेतलं. नवेगावचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सगळे सांगतात. तळ्याभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि त्यातल्या एका टेकडीवर कोलू पाटलाला कोलासूर म्हणून पुजतात. बांध घालणाऱ्या माणसाचा देव होतो, हे मला या मुलखाचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं.

कोहळ्यांनी तळी कुठेही खोदली नाहीत. उताराचं पाणी जिथे आपसूक गोळा होतं तिथे मातीची पाळ घातली. पाळीच्या पोटात पाणी सोडायला तुडुम, आणि जास्तीचं पाणी निघून जायला एका टोकाला सलांग. तुडुमातून निघालेलं पाणी पाटानं वरच्या बांधीत, तिथून धुरा (बांधीचा मातीचा बांध) फोडून खालच्या बांधीत, असं उतरत जातं. सलांगीवरून गेलेलं पाणी खालच्या तळ्यात शिरतं, त्याच्या सलांगीवरून आणखी खालच्या. शेवटी जे उरतं ते नाल्यानं गाढवीत किंवा चुलबंदेत. म्हणजे वरच्या गावाची सलांग फुटली तर खालच्या गावाचं धान वाहून जातं, आणि वरच्यानं सलांगीवर विटा रचून पाणी अडवलं तर खालची बोडी, म्हणजे लहान तळं, रिकामी राहते. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं याच दोन गोष्टींवरची होती.

आता मासोळीकडे येतो. पावसाळ्याचे पहिले लोंढे आले की गाढवीतली मासोळी पाण्याच्या उलट निघते. नाल्यातून वर, बांध्यांतून वर, सलांगीवरून पडणाऱ्या पाण्यावर उड्या मारत तळ्यात शिरते आणि उथळ पाण्यात, गवतात अंडी घालते. श्रावणात एखाद्या जुन्या तळ्याच्या सलांगीजवळ उभं राहून बघा. दगडांवरून पाणी पातळ पसरलेलं असतं आणि बोटाएवढ्या मासोळ्या त्यावर आडव्या होऊन, अंगाचा अर्धा भाग पाण्याबाहेर ठेवून, तडफडत वर सरकत असतात. खाली घसरतात, दगडाच्या आडोशाला दम घेतात, परत सरकतात. तळं आणि नदी एकमेकांना जोडलेली आहेत हे मी शेतकऱ्यांना नकाशावर समजावत असे. सलांगीवर ते दोन मिनिटांत समजतं.

जिथे सलांगीची उभी सिमेंट भिंत झाली आहे, तिथे मासोळीला ती चढता येत नाही. त्या तळ्यात मग जी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडाल तेवढीच मासोळी. कतला, रोहू, मिरगळ साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी बीज विकत आणून सोडावं लागतं. मरळीचं तसं नाही. ती तळ्यातल्याच वनस्पतींत जागा साफ करून अंडी घालते, आणि नर-मादी पिलांची राखण करतात. लाल पिलांचा पुंजका पाण्यावर दिसला की खाली मोठी मरळ आहेच, आणि इथला ढिवर त्या पुंजक्यावर जाळं टाकत नाही.

या खानावळीत मरळ, वाम आणि झिंगे (गोड्या पाण्यातली कोळंबी) यांचा मान मोठा, रोहू-कतल्याचा दुसरा, आणि ग्रासकार्प शिजवतच नाहीत. मी कारण विचारलं तर नवरा म्हणाला, "ते तळ्यातलं गवत खाते जी. गवत गेलं का मरळ गेली. ते इकत घेतलं तर आमीच आमच्या तळ्यावर उठलो ना." मला हे पटलं. कॉमन कार्प चिखल उकरून मुळं उपटतो, त्यालाही इथे भाव नाही.

मरळीबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळली तरी बराच वेळ जिवंत राहते. इथे ती मोठ्या टोपात झाकण ठेवून जिवंतच असते, आणि झाकणावर पाटा ठेवावा लागतो, नाहीतर उडी मारून पडवीत येते. तुम्ही सांगितल्यावर वहिनी तिला राखेत घेते. चुलीतली थंड राख हाताला आणि मासोळीला चोळली की बुळबुळ जाते आणि पकड बसते. मग विळीवर शेपटीकडून डोक्याकडे खवले काढते, दगडावर घासते, परत राख, परत पाणी. तीन वेळा. तिसऱ्या धुण्याचं पाणी स्वच्छ निघालं तरच तुकडे करते. तळ्याच्या मासोळीला चिखलाचा वास येतो अशी तक्रार शहरातले लोक करतात. तो वास या राखेनं आणि या तीन धुण्यांनी जातो, लिंबानं जात नाही.

मसाला साधा. पाट्यावर वाटलेलं लसूण, आलं, जिरं, धने, सुकी लाल मिरची, थोडं भाजलेलं खोबरं. जवसाच्या तेलात फोडणी. आंबटपणाला उन्हाळ्यात कैरी, एरवी चिंच. वर मूठभर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. रस्सा पातळ असतो, तर्री जेमतेम. नागपूरच्या सावजीची सवय असलेल्यांना तो फिका वाटेल. मला तो बरोबर वाटतो, कारण या रश्शात मासोळीची चव लागते. मरळीचा तुकडा काट्यापासून अख्खा सुटतो, मांस घट्ट आणि किंचित गोड. वाम जास्त चरबीची. तिचा रस्सा घट्ट होतो आणि भाताला चिकटून बसतो. वाम मिळाली तर मी मरळ सोडतो.

वाम दरवेळी मिळत नाही. ती गाढवीच्या डोहात दगडांच्या फटीत राहते, आणि उन्हाळी धानाला धरणाचं पाणी सुटलं की नदीचा ओघ बदलतो, तेव्हा कधी हाती लागते, कधी नाही. नसेल तर वहिनी नाही म्हणून सांगते, दुसरं काही वाम म्हणून वाढत नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयातली मासोळी स्वस्तात दारात येते, पण हे दोघं ती घेत नाहीत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेत येतं, हे आता भंडाऱ्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्या पाण्याकाठच्या ढिवरांचा त्यात काय दोष, आणि त्यांची मासोळी कोणी घ्यायची, हा प्रश्न मला छळतो. पण ताट वाढणाऱ्यानं पाणी निवडणं हा त्याचा हक्क आहे.

झिंग्यांचं सांगायचं राहिलं. ओले झिंगे पावसाळा उतरल्यावर, वाळवलेले वर्षभर. वाळले झिंगे आणि वांगं हे इथलं रोजचं कालवण, साठ रुपयांच्या साध्या ताटात मिळतं. ज्याला मरळीचं दोनशेचं ताट जड वाटेल त्यानं हे घ्यावं. मी बऱ्याचदा हेच घेतो.

भात एचएमटीचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेलं हे वाण आता आमच्याकडे घरोघरी आहे. भात चांगला, पण दिवाळीनंतरचे दोन महिने इथे नव्या तांदळाचाच भात होतो, आणि तो चिकट होतो. जुना तांदूळ थोडा बाजूला ठेवत जा, असं मी सांगितलं आहे. ठेवत नाहीत. ही एक तक्रार.

दुसरी तक्रार पडव्याची. टिनाचा आहे, वर तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकलेली नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारानंतर तिथे बसून जेवणं म्हाताऱ्या माणसाचं काम नाही. समोरच अर्जुनाची झाडं असलेली पाळ आहे, तिच्या सावलीत चार बाजा टाकल्या तरी पुरे. तिसरी गोष्ट, पाणी हापशीचं आहे आणि त्याला लोखंडाची चव आहे. आपली बाटली न्या. मोबाइलवरून पैसे देण्याचा भरवसा धरू नका, रेंज येते-जाते.

बसायला जागा कमी, आणि रविवारी नवेगाव बांधला गाड्या भरून पर्यटक येतात तेव्हा तास-दीड तास थांबावं लागतं. हिवाळ्यात बदकं बघायला येणारे तर सकाळी नवापासून रस्सा मागतात. गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीतली, 1972 पासून इथे राहणारी मंडळीही कधी भेटतात आणि अस्सल झाडीबोलीत वहिनीशी भाव करतात. मला तो गलका आवडतो. शांतपणे जेवायचं असेल तर मंगळवार-बुधवार बघा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला की ही खानावळ मासोळी बंद करते. मासोळी अंड्यावर असते, तेव्हा या घरातलं जाळं छताला टांगलेलं असतं. तेवढे आठवडे धंदा निम्म्याच्या खाली येतो. दोघांनाही रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, मजुरीनं जावं लागतं. त्या दिवसांत खानावळीत लाखोरीच्या डाळीचे वडे, पाटवडीचा रस्सा, कमळाच्या देठाची भाजी आणि तांदळाची भाकर मिळते. कमळाचे देठ कापले की आत भोकं दिसतात, त्यात चिखल अडकलेला असतो, आणि वहिनी ते एकेक काडीनं कोरून धुते. ही भाजी मला मासोळीइतकीच आवडते. पावसात या भागात आलात तर मासोळी नाही म्हणून तोंड पाडून परत फिरू नका.

हे असं जाळं टांगून ठेवणं सगळीकडे होत नाही. 1950 चा मालगुजारी निर्मूलनाचा कायदा आला, 1951 पासून तळी सरकारकडे गेली, मोठी पाटबंधाऱ्याकडे आणि लहान पुढे जिल्हा परिषदेकडे. मालगुजार गेला हे चांगलंच झालं, त्याच्या जुलमाच्या गोष्टी माझ्या आजोबांनी भोगल्या होत्या. पण दर उन्हाळ्यात गाळ काढायला आणि पाळीवर माती टाकायला सगळा गाव उतरायचा, तो रिवाजही त्याच्याबरोबर गेला. तळी गाळानं भरली. काठानं बेशरम नावाची वनस्पती माजली, जिला ढोर तोंड लावत नाही आणि जिच्यात मासोळी वीत नाही. ज्या तळ्यावर मी नोकरीला लागलो तेव्हा वैशाखातही पाणी पाहिलं, तिथे मार्चमध्ये ढोरं चरताना पाहून निवृत्त झालो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवरांनी, त्यातही बायांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं काही तळ्यांवर उलटं काम सुरू केलं. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणून काढायची, तळ्याचा तळ नांगरायचा, आणि पाऊस पडल्यावर पाण्यातल्या देशी वनस्पती दुसऱ्या तळ्यांतून आणून लावायच्या. बांधीत रोवणा करतात तसाच तळ्यात रोवणा. वहिनी अशा कामावर गेलेली आहे. कोणत्या वनस्पतीखाली कोणती मासोळी राहते हे ती रश्शाला फोडणी देता देता सांगते. मी पाणी मोजण्यात आयुष्य घालवलं. पाण्यातलं गवतही मोजायचं असतं हे मी तिच्याकडून शिकलो.

म्हणून ही खानावळ चालली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तळ्याची मासोळी दोनशे रुपयांना ताटात विकली जाते, तेव्हा ढिवराला ते तळं जिवंत ठेवायला कारण मिळतं. व्यापारी तीच मासोळी काठावरून ढीग करून उचलतो तेव्हा मरळ आणि कतला एकाच भावात जातात, आणि मग बीज सोडून कतला वाढवणंच परवडतं. इथे पाणी विचारून खाणारं गिऱ्हाईक वाढलं तर गाढवीच्या वामेला आणि तळ्यातल्या मरळीला त्यांचा वेगळा भाव मिळेल. मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला तिथे पाठवतो ते याच हिशोबानं.

कसं जायचं ते सांगतो. नागपूर-रायपूर महामार्गानं साकोली ओलांडून कोहमाऱ्याला या, तिथून दक्षिणेला नवेगाव बांधकडे वळा. गाव मागे टाकून अर्जुनीच्या दिशेनं निघालात की एका तळ्याची लांब पाळ रस्त्याला चिकटून चालते. पाळ संपते तिथे डाव्या हाताला टिनाचा पडवा आणि बाहेर वाळत घातलेली जाळी दिसतील. नाही दिसली तर कोणालाही 'ढिवराची खानावळ' विचारा. रेल्वेनं येणाऱ्यांना देवलगाव स्टेशन जवळ पडतं, गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या पॅसेंजर थांबतात, पण तिथून पुढे ऑटोची खात्री नाही.

साडेअकरा ते दोन ही जेवणाची वेळ. दोननंतर मासोळी संपलेली असते आणि पुन्हा शिजवत नाहीत. रात्री बंद. चारपेक्षा जास्त माणसं असाल तर सकाळी आठच्या आत जाऊन सांगून या आणि मग बांधावर फिरायला जा. लेकरांसाठी तिखट कमी करून मागा, वहिनी वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, काढून देते.

दिवाळीच्या पुढे-मागे गेलात तर दारात शिंगाडे असतात, सासूबाई उकडून विकतात. तळ्यातून सकाळीच काढलेले, साल काळी पण आत पांढरे शुभ्र. शेरभर तरी घ्या, आणि कापडी पिशवी सोबत ठेवा. शिंगाड्याचे काटे पातळ प्लास्टिक फाडतात.